पहिला मुक्कामी ट्रेक कुठे करायचा? नाशिककरांनो, आधी रात्रीचा विचार करा

दिवाळी झाली की नाशकात थंडी पडते आणि ग्रुपवर हमखास मेसेज येतो, चला ना गडावर मुक्कामी जाऊ, सोप्पा सांगा. मग कोणीतरी हरिहर म्हणतं. दिवसा जा ना, खुशाल जा, पण पाठीवर स्लीपिंग बॅग अन् पातेलं बांधून त्या कातळातल्या उभ्या पायऱ्या उतरताना खालची पायरी दिसतच नाही, पायानं चाचपडत उतरायचं आणि त्यात खालून चढणाऱ्यांची रांग लागलेली.

नवख्यानं चढ नंतर बघावा, रात्र कुठे काढणार ते आधी. डोक्यावर छप्पर आहे का, पाणी आहे का, आणि रात्री दोन वाजता कोणाचं पोट बिघडलं तर टॉर्चच्या उजेडात गावापर्यंत उतरता येईल का. या तीनपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर तो गड दुसऱ्या वेळी.

माझं मत विचाराल तर पट्टा, म्हणजे विश्रामगड. 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज इथे थांबले म्हणून ते नाव. महाराजांना जिथे विसावा घ्यावा वाटला तिथे आपण कोण नाही म्हणणार! पट्टेवाडीतून वाट सोपी, रमतगमत तासाभराची. पट्टाई देवीचं मंदिर, गुहा, कातळात कोरलेली पाण्याची टाकी, वर ऐसपैस पठार. गाव जवळ असल्यानं जीवाला घोर नाही.

स्वतःची गाडी नसेल तर अंकाई-टंकाई. मनमाडजवळ अंकाई नावाचं रेल्वे स्टेशनच आहे. जोडगड, मधे खिंड, पायथ्याला जैन लेणी. फक्त माकडांपासून बिस्किटं सांभाळा, ती चेन पण उघडतात. एक-दोन मुक्काम झाले की मग धोडप, हट्टी गावातून. चढ दमवतो पण वर सुळक्याखाली गुहा आहे.

कळसूबाई? 1646 मीटर, शिड्या, वर नुसता वारा, निवारा काही नाही. बारी गावातच झोपा अन् पहाटे चढा, नवख्याला तीन-साडेतीन तास धरा.

पाण्याचं जरा नीट ऐका. मी एकदा एप्रिलमध्ये "वर टाकं आहे" एवढ्यावर विश्वास ठेवून दोघांत दोन लिटर घेऊन गेलो. टाकं होतं, पाणीही होतं, तळाशी वीतभर, हिरवं, वर मेलेली माशी. चार घड्या केलेल्या रुमालातून गाळलं, उकळलं, तरी चहाला शेवाळाचा वास. तेव्हापासून आधी गावात विचारतो, मामा, टाक्यात पाणी आहे का आत्ता? आणि तरीही माणशी तीन-चार लिटर सोबत असतंच. नवख्यांनी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच धरावं, पावसाळ्यात धुकं अन् निसरडं, उन्हाळ्यात टाकी आटतात.

जायच्या आधीच्या रविवारी भरलेली बॅग घेऊन रामशेजला एक चक्कर मारा, आशेवाडीतून. मोगलांना वर्षानुवर्षं दाद न दिलेला गड आहे, पण तुमची बॅग जड झालीये का हे अर्ध्या तासात सांगतो. खांदे दुखले तर सामान काढा, बहुतेक वेळा जास्तीची जीन्सच निघते.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचपर्यंत मुक्कामाच्या जागी पोचायचं असा हिशोब करून निघा. मोबाइलचा टॉर्च नको, डोक्याला लावायचा घ्या म्हणजे दोन्ही हात मोकळे. पायथ्याच्या गावात किती जण वर चाललोय ते सांगून जा, जमलं तर पिठलं-भाकरी पण तिथूनच बांधून घ्या. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, परफ्यूम काहीच नको.

आणि सकाळी पाय घालायच्या आधी बूट उलटे करून झटका, विंचवाला ऊबदार बूट फार आवडतो.