सुजलेल्या पायाची रोजची निगा

माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कायम सुजलेला असतो. हत्तीरोग. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहून उमर गेली, आता घरी असतो. गल्लीत कुणाचा पाय सुजला की त्याला माझ्याकडं धाडतात. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून लिहितोय.

लहानपणी पायातला काटा पिकला की जांघेत गाठ यायची. आई म्हणायची, अवधाण आलंय. ती गाठ म्हणजे लसीका ग्रंथी. रक्तातलं पाणी बारीक केशवाहिन्यांतून सारखं बाहेर झिरपतं. बरंचसं परत आत जातं, तरी अख्ख्या अंगात दिवसाला २-३ लिटर मागं उरतं. ते उचलायला नळ्यांचं वेगळं जाळं आहे. पायातलं पाणी जांघेच्या गाठींत गाळलं जातं, पोटातून छातीतल्या मोठ्या नळीनं वर चढतं आणि गळ्याच्या हाडामागं डाव्या बाजूच्या शिरेत पडतं. उजव्या पायाचंही डावीकडंच! हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं.

या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. नळ्या स्वतः थोड्या आकसतात, आत झडपा असतात, बाकीचा रेटा पोटरीच्या हालचालीचा आणि श्वासाचा. हत्तीरोगाचे कृमी डासावाटे येतात आणि नेमके याच नळ्यांत मुक्काम ठोकतात. नळ्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी साचतं. अशा पायात पांढऱ्या पेशींचा पहारा ढिला पडतो, बारीकशा भेगेतून जंतू शिरले तरी पाय पेटतो. म्हणून धुणं सगळ्यात आधी.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, पण या कामाला दोन-तीन तांबे पुरतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, ते घेऊ नका, रात्री भरून ठेवलेलं घ्या. दाराशी उजेडात स्टुलावर बसा. साधा साबण हातावर फेसाळून वरून खाली लावा, कातडीच्या घड्यांत, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवा. वजरी किंवा ब्रश अजिबात नको. साबण पुरता निघेपर्यंत पाणी ओता.

पुसण्यात लोक चुकतात. मी आयुष्यभर टर्किश टॉवेल विणले, पण बेचक्यांसाठी तो नको, जाड पडतो आणि आत पोचत नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्या, एकेक बेचकं उघडून टिपा. घासायचं नाही. तिथं कातडी पांढरी, ओलसर दिसली तर चिखल्या झाल्यात, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. भेगांवरही तेच. घरचा चुना-हळद नको.

बसलात की पाय स्टुलावर. रात्री गादीखाली पायथ्याला सोलापुरी चादरीच्या चार घड्या घाला. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवसातून दोन-तीनदा भिंत धरून टाचा उचला, टेकवा, दहा-पंधरा वेळा. बसल्या जागी घोटा गोल फिरवला तरी चालतं.

थंडी वाजून ताप आला, पाय लाल झाला, गरम लागला, जांघेत अवधाण आलं, तर व्यायाम बंद. पाय उंच, वर थंड पाण्याची घडी, आणि त्याच दिवशी दवाखाना. माझ्याकडून एकदा उलटं घडलं. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांमागं अनवाणी चाललो, करंगळीशी भेग होती. रात्री हुडहुडी भरली. शेजारच्याच्या सांगण्यावरून गरम विटेनं शेकलं आणि तेल चोळलं. सकाळी पायावर फोड. आठवडाभर अंथरुणात होतो, आणि त्यानंतर पाय पहिल्यासारखा बारीक झालाच नाही.

पण सुजलेला प्रत्येक पाय हत्तीरोगाचा नसतो. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तिथं थांबायचं नाही. हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, कारण कृमींची पिलं रात्रीच रक्तात उतरतात. मोहिमेत घरी आणून देतात त्या गोळ्या पिलं मारायला. जुनी सूज त्यांनी उतरत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. डास ती पिलं माझ्या रक्तातून नातवाच्या पायात नेऊ नयेत, म्हणून मी घेतो.

चप्पल संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सगळ्यात जाड असतो. पुढून उघडी, पट्टा सैल करता येईल अशी बघा. मी एकदा सकाळी घेतली होती, ती आता बायको वापरते.