सॉलिडवर्क्समध्ये व्ह्यू टाकण्याआधी एवढं बघून घ्या

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग उघडलं की लगेच व्ह्यू, म्हणजे पार्टची एकेका बाजूने दिसणारी चित्रं, टाकत सुटू नका, आधी शीटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि प्रोजेक्शन, म्हणजे व्ह्यू मांडायची पद्धत, फर्स्ट अँगल आहे की थर्ड ते बघा. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येतो, अमेरिकन कस्टमरला थर्ड अँगल लागतो आणि तिथे तो वर जातो. टायटल ब्लॉकमधलं (शीटवरच्या माहितीच्या चौकटीतलं) चिन्हही त्याच्याशी जुळतंय ना ते बघाच, कारण वर्कशॉपमधला माणूस त्या चिन्हावर विश्वास ठेवून मटेरियल कापतो आणि चूक झाली की भोक उलट्या बाजूला पडतं.

मग फ्रंट व्ह्यू असा निवडा की ज्यात पार्टचा आकार सगळ्यात जास्त कळतो. बाकीचे त्याच्यावरूनच प्रोजेक्टेड व्ह्यूने काढा, वेगवेगळे मॉडेल व्ह्यू टाकून नजरेने रांगेत लावत बसू नका, प्रोजेक्टेड असले की फ्रंट हलवला तरी ते रांग सोडत नाहीत आणि स्केलही त्याचंच घेतात. ऑल्ट दाबून धरलं तर व्ह्यू कुठूनही पकडून ओढता येतो.

सेक्शन व्ह्यूला (पार्ट कापून आतला भाग दाखवणाऱ्या व्ह्यूला) जागाच उरली नाही तर तो ठेवताना कंट्रोल दाबा, अलाइनमेंट, म्हणजे रांग, सुटते आणि तो रिकाम्या कोपऱ्यात बसवता येतो, पण सेक्शन ए-ए हे लेबल तेवढं काढू नका. आणि व्ह्यूंच्या मध्ये डायमेन्शनसाठी ऐसपैस जागा सोडा, नाहीतर स्केल १:१ वरून १:२ करा किंवा सरळ मोठं शीट घ्या.