भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकताना अंड्यावर विसंबू नका

रोहिणी लागली की रोपवाटिकेची घाई सुरू होते. घरचं बी वापरणार असाल तर त्याआधी अर्धा तास काढून ते मिठाच्या पाण्यातून काढा. खर्च फक्त मिठाचा.

साध्या पाण्यात फोल वर येतंच, पण अर्धवट भरलेला दाणा बुडतो आणि चांगल्या बियात मिसळून जातो. भाताचं टरफल आतून भरलेलं असो वा पोचट, आकार तोच राहतो, वजन मात्र कमी होतं. म्हणजे दाण्याची घनता घटते. जी वस्तू तेवढ्याच आकारमानाच्या द्रवापेक्षा हलकी, ती तरंगणार. दाण्याचं वजन काही आपल्या हातात नाही, द्रव जड करणं आहे.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के द्रावण. त्याची सापेक्ष घनता साधारण १.०२ होते, लिटरभर द्रावण साध्या पाण्यापेक्षा जेमतेम २० ग्रॅमने जड. एवढ्या फरकानेही साध्या पाण्यात बुडणारे काही हलके दाणे वर येतात.

आता अंड्याचं. ‘अंडं तरंगेपर्यंत मीठ टाका’ असं गावोगाव सांगतात. ताज्या अंड्याची घनता १.०८ च्या आसपास असते, त्यामुळे ३ टक्क्यांच्या पाण्यात ते सरळ तळाला जातं. ते तरंगवायला दहा लिटरला किलोभराहून जास्त मीठ लागतं. ती पद्धत खोटी नाही. जपानात तर १.१३ घनतेचं पाणी वापरून भाताचं बी निवडतात. पण एवढ्या जड पाण्यात बाद होणारं बी जास्त निघतं, आणि बी मोजकंच असेल तर ते परवडत नाही. शिवाय शिळ्या अंड्यात हवा वाढलेली असते, ते कमी मिठातही वर येतं. म्हणून मीठ वजन करूनच घ्या.

खडे मीठ पूर्ण विरघळू द्या. तळाशी राहिलं तर वरचं पाणी हलकंच राहतं. बी बुडून वर चार बोटं पाणी राहील एवढंच एका वेळी टाका आणि हाताने चांगलं ढवळा. कुसळाला, टरफलाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि भरलेला दाणाही उगाच तरंगतो. ढवळल्यावर तो खाली जातो. मग पाणी स्थिर होऊ द्या आणि वरचं चाळणीने काढून घ्या. फार वेळ ठेवू नका, हलके दाणे पाणी पिऊन बुडायला लागतात. पाणी कमी पडलं तर भर त्याच प्रमाणातल्या मिठाच्या पाण्याची घाला.

तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. इथे कंटाळा केला तर मीठ उगवण मारतं. मग सावलीत २४ तास वाळवा आणि किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. जिवाणू खत लावायचं असेल तर ते त्यानंतर, पेरणीच्या तोंडावर. उरलेलं खारं पाणी गादीवाफ्याकडे ओतू नका. पिशवीतलं, आधीच औषध लावलेलं बी या भानगडीत घालायचं नाही, औषध धुऊन जाईल.

बाजरीवाल्यांनी हे प्रमाण उचलू नये. अरगट या बाजरीच्या रोगातल्या बुरशीच्या गाठी वर आणायला २० टक्के द्रावण लागतं, म्हणजे १० लिटरला २ किलो मीठ. भाताचं तरंगलेलं फोल धुऊन कोंबड्यांना घातलं तर चालतं. बाजरीचं मात्र विषारी असतं, ते जाळून टाका.