खुंटीचा सांधा शिकताना

आयटीआयचं सुतारकामाचं एक वर्ष संपवून मी कुडाळजवळच्या एका मिस्त्रींकडे कामाला लागलो. रंधा मारता येत होता, कुसू, म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या भोकात बसणारी लाकडाची जीभ, काढता येत होतं. खुंटीचा सांधा, ज्याला आता सगळे डॉवेल म्हणतात, तो मला सोपा वाटायचा. दोन भोकं, मध्ये खुंटी, फेविकॉल, झालं.

पहिल्याच पावसाळ्यात फणसाच्या चौरंगाची पट्टी माझ्या हातात काडकन उभी फाटली. मी भोक फेविकॉलने भरलं होतं आणि गुळगुळीत गोल खुंटी हातोडीने ठोकत होतो. आत कोंडलेल्या हवेला आणि फेविकॉलला बाहेर पडायला वाटच नव्हती, सगळा जोर बाजूच्या लाकडावर आला. विकतच्या खुंट्यांवर बारीक उभ्या खाचा असतात त्या याचसाठी. खुंटी घरी केली असेल तर करवतीच्या दातांनी लांबीभर एक खाच ओढून घ्या. दोन्ही भोकांची खोली मिळून खुंटीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त ठेवा आणि फेविकॉल ओतू नका, काडीने भोकाच्या आतल्या अंगाला फिरवा.

खुंटीची जाडी फळीच्या एक-तृतीयांश ते निम्मी. 18 मिमीच्या फळीला 8 मिमीची खुंटी बरोबर बसते.

खरी परीक्षा आखणीत आणि ड्रिल धरण्यात आहे. मिस्त्री म्हणायचे, "भोकच वाकडा तर खुंटी काय करतली?" दोन महिने त्यांनी मला टाकाऊ तुकड्यांवर फक्त भोकं पाडायला लावली, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. दोन्ही तुकड्यांच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीने खूण करा आणि मापं कायम त्याच बाजूने घ्या. म्हणजे चूक झालीच तर दोन्हीकडे सारखी होते आणि सांधा तरी सपाट येतो. ड्रिलला मधोमध टोक असलेला बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, घ्या, तो खुणेवरून सरकत नाही. खोलीसाठी बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. ड्रिलशेजारी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, उभा करून ठेवा, आणि नजर बिटाइतकीच गुण्यावरही असू द्या.

आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. लाकूड फुगतं ते आडवं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुलैत 8 मिमीची खुंटी 8 मिमीच्या भोकात जात नाही. तिला ठोकू नका. उन्हाळ्यातच खुंट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. चौकटीच्या कुसवातून आरपार मारायला आमचे मिस्त्री माणग्याची खुंटी तासायचे. माणगा जवळजवळ भरीव बांबू, आणि खाऱ्या हवेत खिळ्यासारखा गंजायची भीती नाही.

फेविकॉल लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून बघा. लावल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि ते सारखे भरले की मगच क्लॅम्प पुरता आवळा. पावसाळ्यात तो रात्रभर तसाच राहू द्या.