कुकडीचं बोट धरून: दोन दिवसांत दगड कसा वाचावा

जुन्नर म्हटलं की गाडी थेट शिवनेरीकडे वळते. माझं ऐकाल तर एकदा कुकडी नदीच्या मागोमाग जा. उगमाकडून खाली पाहत आलात की दगड आणि माणूस दोन्ही एकाच वाटेवर भेटतात.

१. वेळ. डिसेंबर ते मे. मी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये कुकडीच्या पात्रातले कातळातले खळगे बघायला निघोज गावी गेलो आणि गढूळ पाणी बघून परत आलो. खळगे सगळे बुडालेले. उन्हाळ्यातही गावात आधी विचारा, "आवर्तन सुटलंय का?" धरणाचं पाणी सोडलं असेल तर पात्रात उतरायचं नाही.

२. सामान. भिंग, वही, टोपी, भरपूर पाणी. हातोडा घरीच ठेवा.

३. पहिला दिवस, उगमाकडे. पूर गावच्या कुकडेश्वर मंदिराचे दगड जवळून पाहा. काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. काही दगडांत बारीक भोकं दिसतील. ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. कापलेल्या कड्यात दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसला, तर दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असं समजा.

तिथून नाणेघाट. लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यातले आकडे शोधा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. तो नीट लक्षात ठेवा, उद्या लागेल.

४. दुसरा दिवस, बोरी बुद्रुक. इथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर सापडला. तोही सह्याद्रीतल्या ज्वालामुखीचा नव्हे. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीचा, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वयावर वाद झाले आहेत. याच परिसरात अश्मयुगीन हत्यारंही मिळाली. काही उचलू नका, फोटो पुरे. थर ओळखता येत नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. "राखेचा थर बघायचाय" एवढं म्हटलं तरी पुरतं.

५. शेवटी निघोज. 'आशियातले सर्वांत मोठे' वगैरे दावे बाजूला ठेवा, खळगे तसेही पुरेसे नवलाचे आहेत. झुलत्या पुलावरून आधी एकदा पूर्ण पात्र पाहून घ्या, मग कोरड्या कातळावर उतरा. शेवाळावर पाय नको. एखाद्या उथळ खळग्याच्या काठावर बसून आत हात फिरवा: भिंत मडक्यासारखी गुळगुळीत, तळाशी गोल गोटे. भोवऱ्यात सापडलेले असलेच गोटे गरागरा फिरत राहिले आणि कातळ पोखरत गेले. खालचे गोटे झिजले की पाणी नवे आणून टाकतं.

तिथेच मळगंगेचं देऊळ आहे. चैत्रात यात्रा भरते. पुजाऱ्यांशी, काठावर बसलेल्या आजोबांशी बोला. खळग्यांची त्यांची गोष्ट वेगळी असेल, तीही वहीत उतरवा.

मग कालचं रांजणाचं चित्र काढून शेजारी खळग्याचं काढा. या खळग्यांना इथे रांजणखळगे म्हणतात.