ट्रेडमिल अडखळतेय? मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करून पाहा

ट्रेडमिलचं सगळ्यांत महागडं दुखणं म्हणजे मोटर किंवा कंट्रोल बोर्ड जळणं. त्याची सुरुवात पुष्कळदा कोरड्या पट्ट्यापासून होते. पट्टा त्याच्या खालच्या फळीवर घासू लागला की मोटर जास्त करंट ओढते आणि बोर्ड तापतो. म्हणून पैसे वाचवायचे तर लक्ष आधी पट्ट्याकडे द्या.

मशीन सुरूच होत नसेल तर सेफ्टी की (ओढली की मशीन थांबवणारी किल्ली) नीट बसवा, मुख्य स्विच आणि त्याच्याजवळचं रीसेट बटण पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो काढून प्लग थेट भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा.

मशीन चालतंय पण जड वाटतंय? प्लग काढा, पट्टा कडेने उचला आणि आत हात फिरवा. फळी कोरडी लागली तर माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तेवढं शुद्ध सिलिकॉन ऑइल दोन्ही बाजूंनी आत, मध्यापर्यंत सोडा. मग काही मिनिटं सावकाश चाला, म्हणजे ते पसरेल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही नको. पट्टा खराब होतो आणि धूळ चिकटते ती वेगळीच. काही मशीनच्या फळीला मेणाचा थर असतो, त्यांना तेल चालत नाही. तेव्हा पुस्तिका आधी वाचाच.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मशीन रिकामं, अगदी कमी वेगात चालू ठेवा. मागच्या टोकाला दोन बोल्ट दिसतील. पट्टा डावीकडे गेला असेल तर डावा बोल्ट अ‍ॅलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, उजवीकडे गेला असेल तर उजवा. मिनिटभर थांबा, मगच पुढचा पाव फेरा. घाई केली की पट्टा दुसऱ्या टोकाला जातो. ओढणी, मोकळे केस आणि मुलं लांब ठेवा.

पाय टाकला की पट्टा घसरत असेल तर मशीन बंद करून दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. मधोमध पट्टा साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उचलता आला पाहिजे. 'घट्ट म्हणजे चांगला' असं समजून आवळत गेलात तर बेअरिंगवर ताण येतो.

मोटरवरचं झाकण उघडून धूळ काढायची असेल तर आधी वॉरंटी तपासा. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. काही मिनिटं थांबा, बोर्डाला हात लावू नका, मऊ ब्रश वापरा.

जळका वास येतोय, एमसीबी पडतोय, शॉक बसतोय? मग मात्र मेकॅनिकच हवा. भेटीचे पैसे फोनवरच ठरवा. 'बोर्ड गेलाय' म्हणाला तर तो का गेला ते विचारा आणि मोटर व पट्टाही तपासून घ्या, नाहीतर नवा बोर्डही तसाच जाईल. जुना बोर्ड मात्र त्याला नेऊ देऊ नका; इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात तो कधीकधी बराच स्वस्तात नीट होतो. आणि डीसी मोटर असेल तर ती बदलण्याआधी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत का, ते पाहायला सांगा.