पोफळीवर बोर्डो पावसाआधीच मारा, अंदाज आता भरवशाचा आहे

बागायतदारांनो, मे संपत आला आणि कितीतरी कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागांत, बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची, पहिली फवारणी अजून झालेली नाही. गोव्यात सत्तरी असो, फोंडा असो, सांगे असो, उत्तर एकच, "पाऊस लागू दे, मग बघू". त्या बघूपायी दर वर्षी कोवळी हिरवी सुपारी कोळेरोगाने, म्हणजे पावसाळी बुरशीने, गळून चिखलात पडलेली असते, बघवत नाही.

अंदाज चुकतो म्हणता, पूर्वी चुकायचाही. आपला पाऊस येतो अरबी समुद्रावरून आणि भर समुद्रात वरचा वारा मोजणार कोण? त्यासाठी लायडार आलं, म्हणजे लेसरचं रडार. लेसरचा झोत हवेत सोडतात, धूळ, मिठाचे कण, ढग यांच्यावर आपटून थोडा उजेड परत येतो, किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं आणि त्याच्या लहरीत किंचित फरक पडतो त्यावरून वाऱ्याचा वेग. युरोपचा एओलस उपग्रह २०१८ पासून २०२३ पर्यंत हे काम वरून करत होता, २०२० पासून त्याची मापं युरोपच्या हवामान केंद्राच्या रोजच्या अंदाजात घेतली आणि अंदाज सुधारला. दाट ढगातून मात्र लेसर पार होत नाही, पाऊस लागला की पणजीच्या अल्तिनोवरचं डॉपलर रडारच (पाऊस टिपणारं) कामाचं. म्हणजे पुढचे चार-पाच दिवस कोरडे आहेत का ते आधी बघायचं आणि तेव्हाच मारायचं, ढग डोक्यावर आल्यावर नाही! मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान पत्रक येतं, मेघदूत ॲपवर बघा.

प्रमाण १ टक्का: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या भांड्यात, मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. कोयत्याचं पातं बुडवा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. दुकानदार "पावसातही चालतं" म्हणून महागडी बाटली हातात देतो, ती घेऊ नका, घड ओले असताना काहीच नीट चिकटत नाही. माझा अनुभव, फवारल्यावर निदान चार तास ऊन हवं आणि सकाळी नऊपर्यंत कुळागरात धुकं बसून राहिलं तर त्या दिवशी थांबा.

बाकी:
- चर साफ करा
- गळलेली सुपारी गोळा करून जाळा
- मेलेल्या पोफळी काढा

पोफळीवर चढणाऱ्या पाडेलीला आजच फोन करा, जून लागला की तो कोणालाच मिळत नाही.